स्मरणाची रोजकीर्द

वाङ्मयाचे अध्ययन हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांच्या वाचनाला एक दिशा असते, एक शिस्त असते, आणि अमुक पुस्तक आपण का हाती घेतले या प्रश्नाचे सयुक्तिक उत्तर त्यांच्यापाशी नेहमी तयार असते. ज्याची उमेदीची सारी वर्षे महसुलाच्या कचेरीत दप्तरे चाळण्यात आणि एका फर्दीवरील रकमेची दुसऱ्या फर्दीवरील रकमेशी रुजुवात घालण्यात गेली, अशा माझ्यासारख्या माणसाचे वाचन मात्र केवळ ओढीचे असते. गेल्या पावसाळ्यात ही ओढ जुन्या आठवणींच्या पुस्तकांकडे वळली. विष्णुभट गोडसे वरसईकरांच्या ‘माझा प्रवास’पासून आरंभ झाला, तेथून रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, मग लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, आणि अखेरीस महर्षी कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ व त्यांच्या पत्नी बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’, अशा क्रमाने मी ही पुस्तके वाचली. काही पूर्वी वाचलेली होती, काही प्रथमच वाचीत होतो. परंतु ती एकापाठोपाठ एक वाचल्यामुळे जो एक विचार मनात घर करून बसला, तो ती सुटी सुटी वाचताना कधीच आला नसता. मराठी गद्याचे जे उत्तम धन आहे, त्याचा फार मोठा वाटा आपण लेखक आहोत असे ज्यांच्या स्वप्नीही नव्हते अशा माणसांनी आपल्या पदरात टाकलेला आहे, आणि त्यांना ते साधले याचे एक प्रमुख कारण असे की, ही माणसे मनातल्या मनात रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, ठेवणारी होती.

विष्णुभटांचेच पाहा. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक ब्राह्मण 1857 साली घर सोडून उत्तरेस निघाला तो इतिहासाचा साक्षीदार होण्यासाठी नव्हे, तर घरावरील कर्ज फेडण्यासाठी. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा चांगली मिळेल, अशी वार्ता कानी आली, आणि चुलत्याला सोबत घेऊन तो वाटेस लागला. महूच्या आसपास पोहोचतात तो बंडाची बातमी येते, आणि पुढे या माणसाच्या नशिबी जे पाहणे येते ते पाहण्यासाठी एखादा बखरकार आपले वतन देऊन टाकील. झाशीच्या वेढ्यात तो शहरात होता. 1858 च्या मार्च-एप्रिलात इंग्रजी सैन्याने ते शहर घेतले तेव्हा जी कत्तल आणि जी लूट झाली ती त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिली, आणि लुटले जाणाऱ्यांत तो स्वतःही होता.

या लुटीचे वर्णन वाचताना मी दीर्घकाळ थांबलो. शोकाकुल विशेषणांचा वर्षाव तेथे नाही. लूट कोणत्या क्रमाने झाली ते तो सांगतो: आधी सोने-नाणे गेले, मग तांब्यापितळेची भांडी गेली, मग कापडचोपड, मग धान्य, असे करीत करीत अगदी क्षुल्लक चीजवस्तूंपर्यंत लुटारूंचे हात पोहोचले. उद्ध्वस्त घराची यादी करणारा पंचनामा लिहावा तसा हा तपशील आहे, आणि म्हणूनच त्यातील भयानकता अंगावर येते. ज्या घरातील धान्याचा दाणाही शिल्लक राहिला नाही त्या घरातील माणसांचे पुढे काय झाले असेल, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. झाशीच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची जी दुर्दशा झाली तिचे दुःख मात्र त्याला आवरत नाही. दूरदूरचे विद्वान जेथे ग्रंथांची नक्कल करून घेण्यास येत, तेथील पोथ्या फेकल्या गेल्या, त्यांना बांधलेली वस्त्रे तेवढी कामाची म्हणून काढून घेतली गेली, आणि पाने धुळीत विखुरली. सोने गेल्याचे दुःख आणि पोथी फाटल्याचे दुःख या माणसाने वेगवेगळ्या रकान्यांत मांडलेले आहे, आणि दुसऱ्या रकान्याची बेरीज त्याला जड गेली हे लपविलेले नाही.

राणी लक्ष्मीबाईविषयी आपल्याकडे पुष्कळ काव्य झाले, नाटके झाली, पुतळे उभे राहिले. परंतु माझ्या मनातील राणी या भिक्षुकाच्या पुस्तकातीलच आहे. ती पहाटे उठून व्यायाम करते, पूजाअर्चा करते, रामनाम लिहिलेले कागद कणकेच्या गोळ्यांत घालून माशांना चारते, दानधर्म करते, कचेरीत बसून कारभार पाहते. दिनचर्येचा हा तपशील एखाद्या वाड्यातील कारभाऱ्याने लिहून ठेवावा तसा आहे. पुढे पराभवानंतर वाटेतल्या एका विहिरीवर धुळीने माखलेली, पठाणी पोशाखातली, तहानेने व्याकुळ झालेली राणी विष्णुभटाला भेटते. तो तिच्यासाठी पाणी काढू लागतो, तेव्हा आपण विद्वान ब्राह्मण, आपण माझ्यासाठी श्रम करू नयेत, असे म्हणून ती स्वतःच पाणी शेंदते आणि ओंजळीने पिते. सर्वस्व गेलेल्या स्त्रीला त्या क्षणीही समोरच्याचा मान राखण्याचे भान होते, ही गोष्ट मला तिच्या रणातील पराक्रमाइतकीच मोठी वाटते, आणि ती आपल्याला कळली ती केवळ एका तहानलेल्या प्रवाशाने तिची आठवण जपून ठेवली म्हणून.

मिळविलेले पैसे वारंवार लुटले गेले. कर्ज फेडण्यासाठी निघालेला हा माणूस अखेरीस घरी परतला तो खांद्यावर गंगाजलाची कावड घेऊन, आणि त्या जलाने त्याने आईवडिलांना स्नान घातले. द्रव्याच्या खात्यात हाती काय उरले हे सांगताना त्याचा स्वर रडका होत नाही, आणि कावड सुखरूप पोहोचली याचे समाधान सांगताना तो फुगतही नाही. दोन्ही गोष्टी घडल्या, म्हणून दोन्ही नोंदल्या.

या पुस्तकाच्या बाबतीत एका गोष्टीचा विषाद मात्र मला व्यक्त केलाच पाहिजे. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनी हा वृत्तांत पुष्कळ वर्षांनी लिहून काढला, आणि वैद्यांनी तो लेखकाच्या निधनानंतर 1907 साली प्रसिद्ध केला. ते त्यांचे उपकार महाराष्ट्राने कधीही विसरू नयेत. पण प्रसिद्ध करताना त्यांनी मूळ मजकुरात ठिकठिकाणी फेरफार केले, भाषेला आपल्या काळाचे वळण दिले; आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती वाचकांच्या हाती येण्यास महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाची, म्हणजे 1966 सालाची, वाट पाहावी लागली. राजवट परकी होती, 1857 चे नाव काढणे धोक्याचे होते, हे सारे मान्य करूनही मला असे वाटते की, अस्सल दस्तऐवजावर हात फिरविण्याचा अधिकार कोणासही नसतो. मूळ प्रतीतील विष्णुभट वाक्य कोठे तोडावे याची फिकीर करीत नाही, एका श्वासात तीन गावे ओलांडतो, आणि मधेच जेवणात काय होते ते सांगतो. ते सारे वाचताना त्याच्या चालण्याची गती आपल्या वाचनाला लागते. सुधारलेल्या प्रतीत ती गती मंदावते. ज्यांनी केवळ पहिली प्रत वाचली असेल त्यांनी दुसरी अवश्य मिळवावी.

रमाबाई रानडे यांच्या पुस्तकाकडे वळलो तेव्हा एका अगदी निराळ्या घरात आपण शिरलो आहोत याची जाणीव पहिल्या काही पानांतच झाली. हे पुस्तक 1910 सालचे, पती न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी प्रसिद्ध झालेले, गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रस्तावनेसह. यातील अनेक प्रसंग अविस्मरणीय आहेत. कलकत्त्याच्या मुक्कामात न्यायमूर्ती बंगाली शिकू लागतात आणि दाढी करण्यास आलेल्या न्हाव्याला अक्षरांचे उच्चार विचारीत बसतात. उच्च न्यायासनाची योग्यता असलेल्या आपल्या पतीने असे करावे हे पत्नीला रुचत नाही, तेव्हा ते तिला दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंचा दाखला देतात. एवढ्या एका प्रसंगातून रानडे यांचे मन जितके उलगडते तितके त्यांच्या अनेक व्याख्यानांतून उलगडत नाही, असे मी म्हणेन.

तथापि या पुस्तकाने मला अस्वस्थही केले. अकरा वर्षांची मुलगी तिशी ओलांडलेल्या विद्वान विधुराच्या घरी येते, ते तिला लगेच अक्षरे गिरविण्यास लावतात, आणि घरातील इतर स्त्रिया या शिकण्याबद्दल तिचा छळ करतात. एका बाजूला पतीची इच्छा आणि दुसऱ्या बाजूला सासरच्या बायकांचा रोष, या दोहोंच्या कात्रीत ती वर्षानुवर्षे राहिली. हा सारा वृत्तांत ती देते, पण त्यात स्वतःच्या नावे खर्ची पडलेली रक्कम ती कधीच लिहीत नाही. जे सोसले ते पतीच्या मोठेपणाच्या खात्यावर जमा करून टाकण्याची तिची वृत्ती आहे. न्यायमूर्ती रागावले की बोलत नसत. त्यांच्या त्या मौनाने तिची काय अवस्था होई हे ती सांगते, आणि लगेच चूक माझीच होती असे म्हणून मोकळी होते. मला ते पटत नाही. रानडे यांच्याविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो तिळमात्र कमी न होता मी असे म्हणतो की, त्या मौनाचा भार एका कोवळ्या मुलीवर फार पडला, आणि तिच्या भक्तीने तो भार झाकला असला तरी ओळींच्या मधून तो दिसत राहतो. याच स्त्रीने पुढे पुण्याच्या सेवासदनाचा केवढा मोठा कारभार स्वतंत्रपणे चालविला, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तर तिच्या लेखनातील हा आत्मविलोप अधिकच जाणवतो.

त्यानंतर ‘स्मृतिचित्रे’. हे पुस्तक पुन्हा वाचावयास घेताना मनात थोडी धाकधूक होती, कारण ज्यावर तरुणपणी प्रेम केले ते पुस्तक उतारवयात तसेच राहील याची शाश्वती नसते. ते तसे राहिले नाही. ते कितीतरी मोठे झाले. तरुणपणी मला त्यातील विनोद दिसला होता. आता दिसले ते असे की, या विनोदाच्या तळाशी भीती आहे, अवहेलना आहे, उपासमार आहे, आणि तरीही लक्ष्मीबाईंनी एकाही माणसाला आपल्या कटुतेचे लक्ष्य केलेले नाही.

पुस्तकाच्या आरंभीच 1857 ची सावली आहे, आणि विष्णुभटांच्या पाठोपाठ वाचीत असल्यामुळे ती मला पूर्वी कधी जाणवली नव्हती इतकी जाणवली. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना त्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या आघाताने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले ते कायमचे. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतली पाहिजे, कोणाचा स्पर्श होता कामा नये, अशा त्या घरात मुले भेदरून वाढली. झाशीच्या वेढ्याचे वर्णन करणारा प्रवासी आपल्याला रणधुमाळी दाखवितो. नाशिकजवळच्या जलालपुरातील ही मुलगी दाखविते की, तीच रणधुमाळी एका घराच्या पाण्याच्या हंड्यापर्यंत आणि चुलीपर्यंत कशी पोहोचली. इतिहासाच्या ग्रंथांत या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या मला आजवर आढळल्या नाहीत.

नारायण वामन टिळक यांच्याशी तिचा संसार हा या पुस्तकाचा प्राण आहे. टिळक थोर कवी होते, मनाने अत्यंत उदार होते, आणि शीघ्रकोपी, लहरी, घरातील पैशाविषयी संपूर्ण बेफिकीर असे होते. न सांगता घरातून निघून जावे, हाती आलेले द्रव्य वाटून टाकावे, आणि पुन्हा लहान मुलासारखे परत यावे. लक्ष्मीबाईंनी हे सारे लिहिले आहे, आणि ते लिहिताना त्यांनी जी किमया केली आहे ती मला मराठीत अन्यत्र आढळलेली नाही: त्यांनी पतीच्या नावे पडलेली एकही रक्कम माफ केलेली नाही, आणि तरीही त्याच्यावरील प्रेम एका पानावरही उणे होऊ दिलेले नाही. रमाबाईंनी प्रेमासाठी हिशेब सोडला. लक्ष्मीबाईंना तसे करण्याची गरज वाटली नाही, कारण खरे खाते समोर ठेवूनही माणूस प्रिय राहतो अशी त्यांची धारणा होती, आणि माझ्या मते ती अधिक धैर्याची होती.

1895 साली टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली तेव्हा या स्त्रीवर काय ओढवले याची कल्पना करण्यास आजच्या वाचकाला प्रयास पडतील. जिवंत नवरा असून नसल्यासारखा, पदरात लहान मूल, सभोवार नातलगांची कणव आणि कुजबूज. पंढरपुरास काढलेले ते दिवस, पुढे अहमदनगरास जाऊन पतीच्या जवळ आणि तरीही वेगळे राहणे, आणि मग 1900 साली स्वतः घेतलेली दीक्षा, हा प्रवास त्यांनी ज्या सरळपणाने मांडला आहे त्यात मतपरिवर्तनाचा डांगोरा कोठेही नाही. जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे, या निष्कर्षाला त्या कोणाच्या ग्रंथावरून आलेल्या नाहीत. स्वतःच्या मनाशी वाद घालून, स्वतःच्याच प्रश्नांना स्वतः उत्तरे देऊन आल्या. ज्या घरात धुतल्याखेरीज वस्तू आत येत नसे त्या घरातील मुलगी येथवर आली. ही वाट तिने किती पावलांत तोडली आणि कोठे कोठे ठेच लागली हे सारे पुस्तकात आहे. समाजसुधारणेविषयीच्या पुष्कळशा प्रबंधांत जे नसते ते हेच.

पुस्तक 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले आणि 1936 साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. शाळा अशी त्यांनी कधी पाहिली नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. पुष्कळ लोक या गोष्टीचा उल्लेख आश्चर्याने करतात. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. जिने वाक्य प्रथम कानाने ऐकले, ओव्यांतून, उखाण्यांतून, भांडणांतून आणि सांत्वनांतून ऐकले, तिच्या लेखणीतून जिवंत वाक्यच उतरणार. टिळकांनी अपुरे सोडलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे याच स्त्रीने पूर्ण केले, आणि ते काम मोठेच होते. पण ‘स्मृतिचित्रे’ नसती तर मराठी भाषा आज जितकी समृद्ध आहे तितकी राहिली नसती, असे मी निःशंकपणे म्हणतो.

राहिली ती कर्वे दांपत्याची दोन पुस्तके. ‘आत्मवृत्त’ 1915 सालचे. मुरुडहून साताऱ्यापर्यंत घाट ओलांडून पायी जाणारा, आणि वय लहान दिसते या कारणाने परीक्षेस बसू न दिला गेलेला तो मुलगा बहुतेकांना शालेय पुस्तकांतून परिचित आहे. कर्वे यांचे गद्य त्यांच्या स्वभावासारखेच आहे: कोरडे वाटावे इतके संयमी, आणि विश्वासार्ह. पाच हजारांची आपली विम्याची पॉलिसी त्यांनी विधवांसाठी आपण काढलेल्या आश्रमाला देऊन टाकली, ही गोष्ट ते जितक्या शांतपणे सांगतात तितक्या शांतपणे मला स्वतःच्या घरखर्चाविषयीही बोलता येत नाही.

पण ती पॉलिसी गेली तेव्हा घरात कोण बसले होते? याचे उत्तर ‘माझे पुराण’ देते. बाया कर्वे, म्हणजे माहेरच्या गोदूबाई जोशी, बालविधवा. 1889 साली पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन काढले तेव्हा तेथे आलेली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. 1893 साली कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांना वाळीत टाकले. वृद्धपणी तिने आपली कहाणी सांगितली, सून कावेरी कर्वे यांनी ती संपादित केली, आणि 1944 साली ती छापली गेली. या कथनात गाऱ्हाणे आहे, आणि ते गाऱ्हाणे न्याय्य आहे. ज्या पुरुषाने सर्व स्त्रियांसाठी आपले सर्वस्व वेचले त्याच्या स्वतःच्या घरातील स्त्रीला मुलांच्या शिक्षणासाठी आणि उद्याच्या अन्नासाठी काय चिंता करावी लागली, हे ती स्पष्ट शब्दांत सांगते. तिला त्याचे कार्य मान्य होते, त्या कार्यासाठी ती स्वतःही राबली. पण कार्याचे मोल कोणी चुकते केले याविषयी तिला कोणतीही संदिग्धता ठेवावयाची नव्हती. हा स्पष्टपणा ज्यांना खटकतो, थोरामोठ्यांच्या घरची धुणी चव्हाट्यावर आणू नयेत असे जे म्हणतात, त्यांच्याशी माझे मुळीच जमत नाही. महर्षींचे मोठेपण या पुस्तकाने उणे होत नाही. त्या मोठेपणात आणखी एका व्यक्तीचा हिस्सा होता हे फक्त नोंदले जाते, आणि भागीदाराचे नाव दप्तरी लागणे हा तिचा हक्क आहे.

ही दोन पुस्तके वाचनालयांच्या फडताळांत बहुधा एकमेकांपासून दूर ठेवलेली असतात, एक थोर पुरुषांच्या चरित्रांत आणि दुसरे असलेच तर स्त्रियांच्या आठवणींत. ज्यांना ती मिळतील त्यांनी ‘माझे पुराण’ आधी वाचावे आणि ‘आत्मवृत्त’ नंतर. उलट क्रमाने वाचले तर बायांचा स्वर तक्रारीचा वाटण्याचा संभव आहे. या क्रमाने वाचले म्हणजे कर्वे आपल्या दानाविषयी जे एकेक संयमी वाक्य लिहितात, त्याच्या मागे स्वयंपाकघरात कोण उभे आहे हे वाचकाला त्याच क्षणी दिसू लागते.